ऊसबिलाची आकृती कोडमध्ये उतरवताना

आकृती माझ्याकडे आली ती व्हॉट्सअ‍ॅपवर. कारखान्याच्या मीटिंग रूममध्ये भिंतीला चिकटवलेल्या ए-३ कागदाचा फोटो, कोपऱ्यात कुणाच्या तरी हाताची सावली, आणि खाली निरोप: "मॅडम, फ्लो फायनल आहे, आता फक्त कोडिंग राहिलंय." त्या 'फक्त'ला पुढं साडेचार महिने लागले.

काम ऊसबिलाचं होतं. गाडी काट्यावर लागल्यापासून शेतकऱ्याच्या खात्यात पैसे पडेपर्यंत. आमचे दादा गेली कित्येक वर्षं कारखान्याला ऊस घालतात, त्यामुळं हा विषय आपल्याला घरातूनच पाठ आहे असा माझा समज होता. आकृती बीपीएमएनमध्ये, म्हणजे कामाच्या पायऱ्या चित्रात मांडायच्या प्रमाण पद्धतीत, काढलेली. चौकोन म्हणजे काम, गोल म्हणजे घटना, आणि तिरपा चौकोन म्हणजे फाटा. त्या तिरप्या चौकोनाला आमच्या टीममध्ये सगळे शंकरपाळं म्हणतात, मीही इथं तेच म्हणणार आहे.

अशी आकृती हातात आली की मी आता काय करते, ते लिहिते. त्यातलं बरंचसं या एका कामात ठेच लागून शिकलेलं आहे.

आधी ज्वारीचे दाणे

कागद टेबलावर पसरायचा, मूठभर ज्वारी घ्यायची आणि सुरुवातीच्या गोलावर एक दाणा ठेवायचा. बीपीएमएनच्या नियमांत याला टोकन म्हणतात. काम झालं की दाणा बाणावरून पुढं सरकतो. फुलीच्या शंकरपाळ्यातून तो एकाच वाटेनं जातो. अधिकच्या चिन्हाच्या शंकरपाळ्यात मात्र जितक्या वाटा फुटतात तितके दाणे होतात. पुढं दुसऱ्या अधिकच्या शंकरपाळ्यात वाटा एकत्र आल्या, तर तिथं सगळे दाणे जमेपर्यंत थांबायचं. आणि एकत्र येण्याची जागा फुलीची असेल तर? तिथं कुणी कुणासाठी थांबत नाही. जो दाणा येईल तो सरळ पुढं.

आमच्या कागदावर दर लावून झाल्यावर दोन वाटा फुटत होत्या. एकीकडं अकाउंट्सवाले कपाती काढणार, दुसरीकडं शेतकी विभाग वजनाची पडताळणी करणार. मग दोन्ही बाण थेट 'बिल तयार करणे' या चौकोनात घुसत होते. मध्ये शंकरपाळंच नाही. मीटिंगमध्ये बसलेल्या प्रत्येकानं ते "दोन्ही झालं की बिल" असंच वाचलं होतं. नियम वेगळा आहे: चौकोनात दोन बाण सुटे येत असतील तर प्रत्येक दाणा ते काम नव्यानं सुरू करतो. मी आकृती जशीच्या तशी इंजिनात, म्हणजे आकृतीप्रमाणे कामं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवली आणि चाचणीच्या २१२ शेतकऱ्यांची ४२४ बिलं निघाली. चाचणी होती म्हणून निभावलं.

तेव्हापासून ज्वारी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते. ज्यांनी आकृती काढली त्यांनाच दाणे सरकवायला लावा, हे महत्त्वाचं. आमच्याकडं अकाउंट्समधल्या काकांनी दोन दाणे एकाच चौकोनात आलेले पाहिले आणि स्वतःच पेन्सिल उचलून अधिकचं शंकरपाळं काढलं. तेच मी सांगितलं असतं तर अर्धा तास वाद झाला असता.

एक दाणा म्हणजे नेमकं काय?

हा प्रश्न कोडच्या पहिल्या ओळीआधी सुटला पाहिजे, आणि आकृतीत त्याचं उत्तर बहुतेक वेळा नसतं. आमच्या कागदाची सुरुवात होती 'गाडी काट्यावर आली' आणि शेवट होता 'शेतकऱ्याला पंधरवडा बिल अदा'. म्हणजे सुरुवातीला दाणा ही एक खेप आहे आणि शेवटी तोच दाणा एका शेतकऱ्याचा अख्खा पंधरवडा झालाय. मधे कुठंतरी वीस खेपांचं एक बिल होतं, पण ते कुठं होतं हे कागदाला ठाऊक नव्हतं.

असं दिसलं की आकृती तोडायची. आम्ही दोन वर्कफ्लो, म्हणजे कामाचे दोन स्वतंत्र प्रवाह, केले. एक खेपेचा, त्याची ओळख म्हणजे तोडणी स्लिपचा क्रमांक. दुसरा पंधरवड्याचा, त्याची ओळख म्हणजे हंगाम, पंधरवडा आणि शेतकरी कोड एकत्र जोडून. खेप आपलं वजन पंधरवड्याला कळवते, पंधरवडा पैसे पडले की सगळ्या खेपांना कळवतो. या ओळखी नीट ठरवा, पुढं पैशाच्या वेळी त्याच उपयोगी पडतात.

थांबे शोधा

चौकोनांचं कोड करायला फार अक्कल लागत नाही. 'निव्वळ वजन काढणे' ही एक वजाबाकी आहे. सगळा वेळ जातो तो थांब्यांवर: प्रोसेस कुठं, कुणाची वाट पाहत उभी राहते. आकृतीवर मी लाल पेननं प्रत्येक थांब्याला गोल करते आणि शेजारी चार गोष्टी लिहून घेते. कोण उठवणार? उठवणारा दोनदा आला तर? थांबा लागायच्या आधीच येऊन गेला तर? आणि आलाच नाही तर?

आमच्या कागदावर थांब्याची अशी चिन्हं दोनच होती. लाल गोल झाले अकरा. उदाहरणार्थ, भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन यांच्यामध्ये आकृतीत एक साधा बाण होता. प्रत्यक्षात त्या बाणात गाडीतळावरची रांग असते, गव्हाणीत मोळ्या पडणं असतं, आणि मिलमध्ये बिघाड झाला तर ट्रॅक्टर तिथंच नऊ नऊ तास उभा असतो. ड्रायव्हर ट्रॉलीखाली झोपतो. म्हणजे तो बाण हा थांबा आहे आणि कोडमध्ये तो थांबा म्हणूनच लिहावा लागतो.

तिसरा प्रश्न, आधीच येऊन गेला तर, लोक हमखास विसरतात. काट्यावरचं नेट गेलं की तिथला कॉम्प्युटर वजनं साठवून ठेवतो आणि लाइन आली की सगळी एकदम ढकलतो. कधी रिकामं वजन आधी पोचतं, भरलेलं मागून. इथं प्रत्येक इंजिनाचा स्वभाव वेगळा. कॅमुंडा ७ मध्ये निरोपाची वाट पाहणारं कुणी नसेल तर निरोप जुळवण्याची विनंती चूक देऊन परत येते, तो निरोप तुम्हालाच सांभाळावा लागतो. कॅमुंडा ८ च्या झीबी इंजिनात निरोपाला आयुष्य ठरवून देता येतं, तेवढा काळ तो राखून ठेवला जातो. टेम्पोरलमध्ये सिग्नल, म्हणजे तिथला निरोप, वर्कफ्लोच्या इतिहासातच नोंदला जातो, आणि वर्कफ्लो अजून सुरूच झाला नसेल तर सिग्नलसोबत सुरू करायची सोय आहे. आकृतीत यातलं काही दिसणार नाही. तिथं निरोपाच्या जागी फक्त पाकिटाचं चित्र असतं.

चौदा दिवसांचं घड्याळ

आता ज्या एका घड्याळानं माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, त्याबद्दल. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार, वेगळा लेखी करार नसेल तर ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर पुढच्या दिवसांवर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज. ५४,००० रुपयांचं बिल दहा दिवस उशिरा पडलं तर व्याज होतं २२१ रुपये ९२ पैसे.

आकृतीत हे घड्याळ 'बिल मंजुरी' या चौकोनाच्या कडेवर चिकटवलं होतं. म्हणजे बिल मंजुरीला आल्यावर ते टिकटिक करायला लागणार. पण पंधरवडा एक तारखेला सुरू होऊन पंधराला बंद होतो. एक तारखेला आलेल्या उसाची मुदत पंधराला संपते, आणि त्या दिवशी बिल अजून तयार व्हायचंय! घड्याळ चुकीच्या दाण्याच्या खिशात होतं. ते खेपेचं आहे, पंधरवड्याचं नाही. कुठलंही घड्याळ दिसलं की विचारा: हे कधीपासून मोजायचं, आणि ते कशावर अवलंबून आहे?

खेपेचा वर्कफ्लो शेवटी असा झाला. भाषा कोणतीही घ्या, सांगाडा हाच राहतो:

खेप_वर्कफ्लो(स्लिप):
    भरलेलं = वाट_पाहा("भरलेलं_वजन", स्लिप)
    रिकामं = वाट_पाहा("रिकामं_वजन", स्लिप)
    निव्वळ = भरलेलं.वजन - रिकामं.वजन
    मुदत = भरलेलं.तारीख + करार.दिवस
    पंधरवड्याला_कळवा(स्लिप, निव्वळ, मुदत)

    "पैसे_जमा" निरोप येईपर्यंत थांब:
        (मुदत - २ दिवस) आले तर: इशारा_पाठव
        मुदत उलटली तर: व्याज_लागू = हो

    जर व्याज_लागू: व्याज_नोंदव(स्लिप, जमा.तारीख - मुदत)

तीन गोष्टी पाहा. एक, १४ हा आकडा कोडमध्ये नाही, तो करारातून येतो, कारण लेखी करार वेगळा असू शकतो. दोन, तारीख भरलेल्या वजनाची घेतली आहे. गाडी रात्री अकरा चाळीसला काट्यावर लागली आणि रिकामी होऊन एक दहाला परत आली तर ऊस कोणत्या दिवशी दिला? हे मी ठरवलं नाही, अकाउंट्सकडून लेखी घेतलं. तुम्हीही घ्या. तीन, मुदत उलटली तरी वाट पाहणं संपत नाही. इशारा जातो, व्याज लागू होतं, पण वर्कफ्लो पैसे पडेपर्यंत जिवंत राहतो.

हा तिसरा मुद्दा आकृतीत एका बारीक फरकावर अवलंबून असतो. चौकोनाच्या कडेवरच्या घड्याळाचं वर्तुळ अखंड रेघेचं असेल तर वेळ होताच ते काम रद्द होतं आणि दाणा घड्याळाच्या वाटेनं जातो. वर्तुळ तुटक रेघेचं असेल तर काम चालूच राहतं आणि शेजारून एक नवा दाणा निघतो. मूळ फाइलमध्ये रेघ तुटक होती. माझ्याकडच्या फोटोत ती अखंड दिसत होती. फोटोवरून कोड लिहिलं असतं तर बाराव्या दिवशी इशारा पाठवताना मंजुरीच रद्द झाली असती. तेव्हा फोटो, पीडीएफ, झेरॉक्स यांवर काम करू नका, मूळ फाइल मागून घ्या. बीपीएमएन २.० ची फाइल आतून एक्सएमएल असते. उघडून पाहिली तर 'काम रद्द करायचं का' हे तिथं होय-नाहीमध्ये स्पष्ट लिहिलेलं सापडतं.

तारखेचा अजून एक सापळा. आमचा सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर होता. आपली रात्रीची साडेबाराची वेळ तिथं आदल्या दिवशीची संध्याकाळची सात असते. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात आलेल्या प्रत्येक खेपेला आदली तारीख लागत होती. गाळप चोवीस तास चालतं, त्यामुळं हे काही अपवादाचं प्रकरण नव्हतं.

पैसे दोनदा जाऊ नयेत म्हणून

'बँकेला फाइल पाठवणे' हा आकृतीतला सगळ्यात निरागस दिसणारा चौकोन. फाइल पाठवली, बँकेकडून उत्तर यायच्या आत कनेक्शन तुटलं. आता पैसे गेले की नाही? इंजिनाला माहीत नाही, म्हणून ते काम पुन्हा करणार. टेम्पोरलमध्ये तर तुम्ही काही ठरवलं नाही तर पुन्हा प्रयत्नांना संख्येची मर्यादाच नसते: पहिला एका सेकंदानं, मग दोन, मग चार, असं चालूच.

यावर पुन्हा प्रयत्न बंद करणं हा उपाय नाही, कारण मग नेटची साधी उचकी लागली तरी बिल अडकतं. प्रत्येक अदायगीला कायम तोच क्रमांक द्यायचा: हंगाम, पंधरवडा, शेतकरी कोड. मघाशी ओळख ठरवली ती इथं कामाला येते. पाठवायच्या आधी त्या क्रमांकाची अदायगी झाली आहे का हे विचारायचं, आणि समोरच्या बाजूनंही तोच क्रमांक दुसऱ्यांदा नाकारला पाहिजे. समोरची व्यवस्था नाकारू शकत नसेल तर पुन्हा प्रयत्न माणसाच्या हातात द्या: स्टेटमेंट पाहून एका क्लार्कनं बटण दाबायचं. आकृतीत त्यासाठी एक नवा चौकोन वाढतो, वाढू द्या.

कपातींचं शंकरपाळं

उसाच्या पैशातून तोडणी-वाहतूक जाते, विकास सोसायटीचं कर्ज वळतं होतं, कधी बियाणं-खताची उचल असते. कुणाला तिन्ही, कुणाला एक. आकृतीत यासाठी आत वर्तुळ असलेलं शंकरपाळं होतं, म्हणजे लागू होतील तितक्या वाटा. फुटताना ते सोपं आहे. एकत्र येताना अवघड, कारण किती दाण्यांसाठी थांबायचं हे आधी किती सुटले त्यावर ठरतं.

कोडमध्ये मात्र हे उलट सोपं होतं. फाटा फुटतो तिथंच यादी करा: या शेतकऱ्याला कोणत्या कपाती लागू. यादीतल्या प्रत्येकीचं काम सुरू करा आणि यादीतली सगळी संपेपर्यंत थांबा. यादी रिकामी असेल तर थेट पुढं. ही रिकामी यादी तपासायला विसरू नका. ज्याला कुठलीच कपात लागू नव्हती अशा शेतकऱ्याचं बिल आमच्याकडं तीन दिवस अडकून राहिलं होतं, आणि ते शोधायला मला लाज वाटेल इतका वेळ लागला.

मागं जाणाऱ्या बाणांचं थोडक्यात. 'वजनात तफावत, पुन्हा पडताळणी' असा एकच बाण मागं जात असेल तर ते साधं लूप आहे, फक्त कितीदा फिरायचं याची मर्यादा घाला. एकाच फेऱ्यात दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून बाण घुसत असतील तर लूप लिहायच्या फंदात पडू नका. सध्याची स्थिती एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि स्थितीनुसार पुढची पायरी निवडा. याच गाठीनं पूर्वी लोकांना छळलं होतं. बीपीएमएनच्या पहिल्या आवृत्त्यांच्या काळात आकृती बीपीईएल या भाषेत उतरवत. तिची मुख्य रचना एकात एक बसणाऱ्या ठोकळ्यांची, आणि आकृतीतले बाण वाटेल तिथं उड्या मारणारे. २०११ मध्ये बीपीएमएन २.० आलं. त्यात आकृती चालवायची कशी याचे नियम आणि फाइलचा साचा दोन्ही होते. तेव्हापासून आकृती थेट चालवणारी इंजिनं रुळली.

मग कोड लिहायचंच कशाला, आकृतीच चालवा की, असं कुणी म्हणेल. चालवा. कारखान्यातले लोक पुढची पाच वर्षं तीच आकृती उघडून पाहणार असतील तर कॅमुंडा किंवा फ्लोएबल घ्या. ती फक्त तुमचे डेव्हलपर पाहणार असतील तर टेम्पोरलसारखं कोडमधलं इंजिन मला जास्त सोयीचं वाटतं, कारण चाचण्या लिहिणं सोपं जातं. तिथं चाचणीत घड्याळ पुढं ढकलता येतं, १४ दिवस काही क्षणांत उलटतात. दोन्हीकडं वरचे सगळे प्रश्न तेवढेच लागू आहेत.

कोडमधलं इंजिन घेतलं तर एक पथ्य मात्र कडक पाळा. टेम्पोरल वर्कफ्लो पुन्हा उभा करताना नोंदलेल्या इतिहासावरून कोड पहिल्यापासून चालवून पाहतं, त्यामुळं कोडनं दर वेळी तोच मार्ग घेतला पाहिजे. वर्कफ्लोच्या आत थेट सर्व्हरचं घड्याळ वाचायचं नाही, डेटाबेसमधून दर उचलायचा नाही. वेळ इंजिनाकडून घ्या, दर वेगळ्या अ‍ॅक्टिव्हिटीतून, म्हणजे वर्कफ्लोबाहेर चालणाऱ्या कामातून, आणा. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ३४० रुपये होती, २०२५-२६ ला ३५५ झाली. असा आकडा वर्कफ्लोत लिहून ठेवलात तर पुढच्या हंगामात तो बदलताना जुनी न संपलेली बिलं कोलमडतात.

हंगाम चालू असताना पायऱ्या बदलण्याचंही तसंच. कॅमुंडात नवी आकृती चढवली तर चालू असलेली प्रकरणं, तुम्ही मुद्दाम हलवली नाहीत तर, जुन्याच आकृतीवर संपतात. टेम्पोरलमध्ये जुन्या प्रकरणांवरही नवं कोड चालतं, म्हणून बदलाच्या जागी आवृत्तीची खूण घालावी लागते. आम्ही एक सवय लावली: बदल पंधरवडा बंद झाल्यावरच चढवायचा. तरी मुदत उलटलेल्या काही खेपा जिवंत असतातच, त्यांच्यासाठी खूण हवीच.

पहिला पंधरवडा दोन्हीकडं

चालू करताना एक पूर्ण पंधरवडा जुन्या पद्धतीनं आणि नव्या पद्धतीनं समांतर काढा, पैसे मात्र जुन्याच बिलांवर द्या. आमच्याकडं निम्म्याहून जास्त बिलं तंतोतंत जुळली. उरलेल्यांत फरक होता रुपया-दोन रुपयांचा. कपाती तपासल्या, वजनं तपासली, दर तपासला, सगळं बरोबर. दोन दिवसांनी काकांनी जुनं रजिस्टर उघडून दाखवलं. जुन्या पद्धतीत प्रत्येक खेपेची रक्कम रुपयात पूर्ण करून मग बेरीज होत होती, आणि आमचं कोड पंधरवड्याचं वजन एकत्र करून शेवटी एकदाच पूर्णांक करत होतं. आकृतीत पूर्णांक करण्याचा चौकोन कुठंच नव्हता. आता आहे, खेपेच्या बाजूला, पेन्सिलीनं काढलेला.